क्रिप्टोत दहा वर्षांसाठी पैसे ठेवावेत का? सांगली जिल्ह्यातल्या नवख्यांसाठी एकेक पायरी

उसाचं बिल खात्यावर आलं, बेदाण्याचा सौदा झाला, दिवाळीचा बोनस पडला, की हल्ली घरात एक प्रश्न हमखास निघतो: यातले थोडे बिटकॉइनमध्ये टाकून दहा वर्षं हात लावायचा नाही, असं केलं तर? विचारणारा बहुतेक वेळा घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी असते. वडील एकतर जुगार आहे म्हणून विषय संपवतात, नाहीतर पोराला यातलं कळतंय म्हणून मान डोलावतात. मी विश्रामबागेत लोकांची आयकराची रिटर्न भरून देते. क्रिप्टोचे, म्हणजे बिटकॉइन आणि त्याच्यासारख्या डिजिटल नाण्यांचे (कॉइनांचे), व्यवहार घेऊन येणारी मंडळी अलीकडे वाढली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे आधी टाकलेले असतात, प्रश्न नंतर पडलेले असतात. म्हणून हे पैसे टाकण्याआधी वाचा.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. दीर्घ मुदतीच्या बचतीत बिटकॉइनला अगदी लहान जागा देता येते. बाकीच्या बहुतेक कॉइनांना ती देऊ नये. आणि ज्या घराचं पोट शेतीवर आहे, त्या घराने ही जागा पगारदारापेक्षाही लहान ठेवावी. असं का, ते पुढच्या पायऱ्यांत येईल.

पहिली पायरी: घरातली देणी आणि हाताशी असलेला पैसा

मोबाइलवर ॲप घेण्याआधी वही घ्या आणि घरावरची देणी लिहून काढा. सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने, सगळं.

यातल्या पीककर्जाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. मग काही जण हिशोब मांडतात की पैसे बिनव्याजी आहेत, वर्षभर कॉइनमध्ये फिरवू आणि नवं-जुनं करायच्या वेळी काढून भरू. भाव नेमका त्याच महिन्यात निम्म्यावर आलेला असला तर? मुदत चुकली की सवलत जाते, व्याज अंगावर पडतं, थकबाकीदारांच्या यादीत नाव लागतं आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. बागेची छाटणी तोंडावर आणि औषधाला पैसे नाहीत, अशी पाळी येते. कर्जाच्या पैशातून क्रिप्टो घ्यायचं नाही, ते कर्ज कितीही स्वस्त असलं तरी. घरातलं सोनं तारण ठेवून तर मुळीच नाही.

देणी मार्गी लागली की आरोग्य विमा, कमावत्या माणसाचा मुदत विमा आणि अडीनडीची रक्कम बघा. पगारदाराने सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवावा, असं सगळीकडे सांगतात. बागायतदाराला मी पूर्ण एका वर्षाचा ठेवा म्हणेन, कारण त्याचं उत्पन्न बुडतं तेव्हा ते पुढच्या हंगामापर्यंत बुडतं. ही रक्कम ठेवताना एक गोष्ट तपासा. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विमा मिळतो. त्यात सहकारी बँका येतात, पतसंस्था येत नाहीत. क्रिप्टोला असलं कुठलंच संरक्षण नाही, म्हणून निदान त्याच्याखालचा पाया तरी भक्कम हवा.

आता शेतीच्या घरांबद्दल. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबाग असलेल्या घराकडे बघा. फुलोऱ्यात पाऊस लागला की दावण्या येतो, माल तयार असताना अवकाळी आला की मणी तडकतात, आणि सगळं नीट झालं तरी बेदाण्याला दर काय निघेल हे सौद्याच्या दिवशीच कळतं. हळदीचंही तसंच. या घराने आपलं बरंचसं भांडवल आधीच मोठ्या चढ-उताराच्या धंद्यात घातलेलं आहे. त्याची बचत तरी शांत जागी असायला हवी. पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो, तो थोडी जास्त जोखीम उचलू शकतो. दोघांनी एकाच व्हिडिओवरून एकाच प्रमाणात पैसे टाकायचे, हे चूक आहे.

दुसरी पायरी: आपण नेमकं काय विकत घेतोय

सातोशी नाकामोतो या नावाने ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये त्याचं जाळं सुरू झालं. या नावामागे कोण आहे, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच खतावणी ठेवलेली असते. कोणी कोणाला किती पाठवलं याच्या नोंदी त्यात गठ्ठ्यागठ्ठ्याने चढत जातात, आणि एकदा चढलेली नोंद एकट्याने बदलता येत नाही. गठ्ठा चढवणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी बिटकॉइन मिळतात. हे बक्षीस साधारण चार वर्षांनी निम्मं होतं. सुरुवातीला ते ५० होतं, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, असा नियम आहे. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्यामुळे अख्खं विकत घ्यायची गरज नसते, शंभर-पाचशे रुपयांचंही घेता येतं.

बिटकॉइनच्या बाजूने बोलायचं तर संख्या मर्यादित आहे, मालक कोणी नाही, आणि दीड दशकाहून जास्त काळ हे जाळं चालू आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष बिटकॉइन धरून ठेवणाऱ्या फंडांना परवानगी मिळाली, त्यामुळे मोठ्या संस्थांचा पैसाही त्यात आला. आपल्याकडे असा म्युच्युअल फंड नाही, हे लक्षात असू द्या.

विरुद्ध बाजू त्याहून महत्त्वाची आहे. बिटकॉइन काहीही पिकवत नाही. ठेवीला व्याज असतं, कंपनीला नफा असतो, रानात पीक येतं, घराला भाडं येतं. बिटकॉइनचा भाव वाढतो तो पुढचा माणूस जास्त द्यायला तयार होतो म्हणून, आणि पडतो तो तयार नसतो म्हणून. यावर उत्तर येतं की सोन्याचंही तसंच आहे, आणि बिटकॉइन म्हणजे डिजिटल सोनं. हे आपल्या जिल्ह्यात तरी तपासून घ्यावं. विटा, खानापूर, आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. कुठल्याही गावातला गलाईवाला जुना दागिना भट्टीत घालतो, कस काढतो आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे मोजतो. त्याला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि या मागणीमागे हजारो वर्षांची लग्नं आणि सण आहेत. बिटकॉइनची मागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते की नाही, हे पाहायला अजून एक पिढीही पुरी झालेली नाही. टिकेल अशी शक्यता मला वाटते, म्हणूनच मी त्याला लहान जागा देते. खात्री वाटत नाही, म्हणून मोठी देत नाही.

बाकीच्या कॉइनांचं थोडक्यात. इथेरियम २०१५ पासून आहे आणि त्याच्यावर इतर अनेक प्रकल्प चालतात, पण त्याच्या संख्येला बिटकॉइनसारखी पक्की मर्यादा नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने व्यवहार पडताळायची अख्खी पद्धतच बदलली. ज्याला तंत्रज्ञान कळतं त्याने त्याचा विचार करावा, नवख्याने घाई करू नये. डॉलरला बांधलेली स्टेबलकॉइन वाढत नाहीत, त्यामुळे दीर्घ मुदतीत ती धरण्यात अर्थ नाही. उरलेली हजारो कॉइनं, कुत्र्या-माकडांच्या चित्रांची धरून, सोडून द्या. लुना नावाचं कॉइन एप्रिल २०२२ मध्ये शंभर डॉलरच्या वर होतं, मे महिन्यात काही दिवसांत ते जवळजवळ शून्यावर आलं. ते घेणाऱ्यांतही दहा वर्षं धरायचं म्हणून घेतलेले लोक होते.

रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया यात मोजू नका. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वसामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू झाली, पण तो रुपयाच आहे. एक ई-रुपया दहा वर्षांनीही एकच रुपया असेल.

तिसरी पायरी: घसरणीची परीक्षा

दीर्घ मुदतीची सगळी चर्चा या पायरीवर येऊन ठरते. बिटकॉइनचा भाव डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजार डॉलरच्या जवळ गेला आणि वर्षभरात सव्वातीन हजारांच्या आसपास आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकोणसत्तर हजारांच्या आसपास गेला आणि वर्षभरात सोळा हजारांच्या खाली घसरला. त्याआधी २०१३ च्या अखेरीपासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंतही अशीच पडझड झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो सव्वा लाख डॉलरच्या वर गेला, आणि लगेच पुढच्या महिन्यात नव्वद हजारांच्या खाली आला.

टक्केवारीत पाहून हे अंगाला लागत नाही, म्हणून रुपयांत मांडा. २०१७ च्या शिखरावर टाकलेल्या एक लाखाचे वर्षभरात साधारण सोळा हजार राहिले. सोळाचे परत लाख व्हायला भाव सहापट वाढावा लागतो. तो वाढला, पण डिसेंबर २०२० उजाडला. २०२१ च्या शिखरावर घेणाऱ्याला मार्च २०२४ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याला रुपयांत मोजायचं असल्याने डॉलरचा दर वर गेला की थोडा टेकू मिळतो, पण एवढी घसरण त्याने भरून निघत नाही. आणि आजवर दर वेळी भाव परत आला, यावरून पुढच्या वेळी येईलच असं निघत नाही.

आता एक काम करा. वहीत वर लिहा: एक लाख. त्याच्या खाली: सोळा हजार. आणि त्याच्या खाली तुमच्या घरातल्या पुढच्या तीन वर्षांच्या तारखा लिहा. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, बहिणीचं लग्न, ठिबकच्या लाइन बदलणं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. यातलं एखादं काम त्या एक लाखावर अवलंबून असेल, तर ते पैसे क्रिप्टोचे नाहीत. सोळा हजार बघूनही घरात कोणाचं जेवण गेलं नाही आणि कोणी विकायचा आग्रह धरला नाही, एवढीच रक्कम दहा वर्षं टिकते. माझ्याकडे येणाऱ्यांत तोट्यात विकलेले जे दिसतात, त्यांतले बरेच जण दहा वर्षांच्याच बोलीने आलेले असतात. त्यांचं कॉइन पडलं आणि त्याच वेळी घरात पैशाची गरज निघाली.

चौथी पायरी: कायदा आणि कर

क्रिप्टो भारतात बेकायदा आहे का, हा प्रश्न अजून रोज येतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या व्यवहारांवर कर बसवला, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजांना, म्हणजे क्रिप्टो घेण्या-विकण्याचं ॲप किंवा संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपन्यांना, मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) प्रतिबंधक कायदा लागू झाला. म्हणजे घ्यायला-विकायला बंदी नाही, पण हे चलनही नाही, आणि शेअर बाजाराला जशी सेबी आहे तसा गुंतवणूकदाराकडे बघणारा नियामक इथे नाही.

कराचे नियम मात्र कडक आहेत, आणि दीर्घ मुदतवाल्याने ते आधी वाचावेत. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. दहा दिवसांनी विका की दहा वर्षांनी, दर तोच. शेअर किंवा इक्विटी फंड वर्षापेक्षा जास्त ठेवला, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के लागतात. धीर धरण्याचं असलं बक्षीस क्रिप्टोत नाही. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाच खर्च वजा मिळत नाही. विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर असतो, पण रिटर्न भरताना करात वळता होतो.

सर्वांत जास्त वाद होतो तो तोट्यावरून, म्हणून त्याचा हिशोब आकड्यांतच दाखवते. समजा एकाने दोन कॉइनं घेतली, प्रत्येकी ४०,००० रुपयांची. पहिलं ७०,००० ला विकलं, ३०,००० नफा. दुसरं १०,००० ला विकलं, ३०,००० तोटा. खिशात आले ८०,०००, म्हणजे घातले तेवढेच. तरीही पहिल्याच्या नफ्यावर ९,००० कर आणि ३६० उपकर, असे ९,३६० रुपये भरावे लागतात. दोन्ही विक्रींवर मिळून ८०० रुपये टीडीएस कापलेला असेल, तर उरलेले ८,५६० रिटर्नसोबत भरायचे. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातून किंवा धंद्यातून होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी ती पहिल्याची विक्रीच धरतात. त्यामुळे रोज अदलाबदल करणाऱ्याला हा कायदा फार महाग पडतो, आणि एकच कॉइन घेऊन गप्प बसणाऱ्याला त्या मानाने कमी.

शेतकरी कुटुंबांसाठी वेगळं सांगायला हवं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी जन्मात रिटर्न भरलेलं नसतं. क्रिप्टोचा नफा शेतीचं उत्पन्न नाही, आणि किमान करमुक्त मर्यादेचा आडोसाही त्याला मिळत नाही. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी पहिल्या रुपयापासून ३० टक्के. एक्स्चेंजने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसत असतो, त्यामुळे कोणाला कळणार नाही, हा विचारच सोडा. मुलाने वडिलांच्या नावावर खातं काढलं असेल, तर नोटीसही वडिलांच्याच नावाने येईल. रिटर्नमध्ये या व्यवहारांचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, त्यात प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख आणि रक्कम द्यावी लागते. एक्स्चेंजवरून वर्षाचा उतारा दर एप्रिलमध्ये उतरवून ठेवा. पाच वर्षांनी ते एक्स्चेंज असेलच, असं गृहीत धरू नका.

पाचवी पायरी: किती आणि कसे

जमीन, घर, सोनं सोडून बँकेत, फंडांत, पीपीएफमध्ये जी बचत आहे तेवढीच मोजा. नियमित पगार असलेल्याने तिच्या तीन टक्क्यांपर्यंत जावं, शेतीवर अवलंबून असलेल्याने एका टक्क्यावर थांबावं, असं मी सांगते. आठ लाखांची बचत असेल, तर एक टक्का म्हणजे आठ हजार. ते सहापट झाले तर अठ्ठेचाळीस हजार होतील, बुडाले तर आठ हजार जातील. या रकमेने आयुष्य बदलणार नाही, हे कबूल. ज्या रकमेने आयुष्य चांगलं बदलू शकतं, तिनेच ते बिघडूही शकतं, आणि कोणती बाजू पडेल हे सांगायला इथे कोणीही बसलेलं नाही. संपत्ती वाढवायचं मुख्य काम इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) एसआयपीवर, म्हणजे दरमहाच्या हप्त्यावर, सोपवा. ते चालू नसेल, तर क्रिप्टोचा विषय आजच बंद करून आधी ते चालू करा.

ठरलेली रक्कम एकदम टाकू नका. वर्ष-दीड वर्षात महिन्याला थोडी थोडी घ्या, म्हणजे सगळीच्या सगळी शिखरावर अडकणार नाही. भाव चढला म्हणून हप्ता वाढवायचा नाही. हा वाटा वाढून बचतीच्या पाच टक्क्यांवर गेला, तर वरचा भाग विका, कर भरा आणि उरलेलं फंडात टाका. हे नियम खरेदीच्या आधी वहीत लिहा. तेजीत माणूस स्वतःचेच नियम मोडतो, निदान लिहिलेले असले तर मोडताना दिसतात.

सहावी पायरी: कुठून घ्यायचं, कोणाकडून नाही

केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेलं एक्स्चेंजच निवडा. डिसेंबर २०२३ मध्ये या युनिटने नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजांना नोटिसा काढल्या होत्या आणि त्यांची संकेतस्थळं बंद करण्याची शिफारस केली होती. नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे, एवढं मात्र समजून घ्या. खातं स्वतःच्या पॅन-आधारवर, स्वतःच्याच बँक खात्याला जोडलेलं असावं. पाचशे रुपयांचं बिटकॉइन घ्या, आठवड्याने विका आणि पैसे बँकेत परत येतात का, किती दिवसांत येतात, किती कापून येतात, हे बघा. परतीची वाट तपासल्याशिवाय मोठी रक्कम आत घालू नका.

अनोळखी माणसाशी थेट सौदा करू नका. टेलिग्रामवर कोणीतरी बाजारापेक्षा जास्त दराने तुमचं स्टेबलकॉइन घ्यायला तयार होतो आणि लगेच पैसे पाठवतो. ते पैसे कोणाच्या तरी फसवणुकीचे निघाले, की परराज्यातलं सायबर पोलीस ठाणं तुमचं बँक खातं गोठवतं. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याचं चालू खातं असं बंद पडलं तर हमालांची मजुरीही देता येत नाही, आणि ते सुटायला महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात. दोन रुपये जास्त दराच्या मोहापायी हे ओढवून घेऊ नका.

आणि दुप्पट करून देणारे. महाराष्ट्राने गेनबिटकॉइन नावाची योजना पाहिली आहे. बिटकॉइन आमच्याकडे ठेवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के देऊ, असं त्यात आश्वासन होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या. आपल्या वाळवा तालुक्यातून पसरलेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आलं, त्यात कोंबड्या होत्या, इथे कॉइन आहे, बोलणी तीच आहेत: ओळखीचा माणूस, ठरावीक परतावा, आणि दोघांना आणलंत तर कमिशन. बिटकॉइनला ठरावीक परतावा असतच नाही, त्यामुळे तो देऊ करणारा माणूस भावकीतला असला तरी नाही म्हणा. खोट्या ॲपवर नफा वाढताना दिसतो, आणि काढायला गेलं की आधी कर भरा म्हणून आणखी पैसे मागतात. खऱ्या व्यवहारात टीडीएस विक्रीतूनच कापतात, वेगळा मागवत नाहीत. असं घडलं, तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत पांगतो.

सातवी पायरी: दहा वर्षं ठेवायचं कुठे

एक्स्चेंजवर दिसणारी शिल्लक म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेल्या बेदाण्याच्या पावतीसारखी असते. माल तुमचा, पण किल्ली दुसऱ्याकडे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर दरोडा पडला आणि सुमारे तेवीस कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं. तिथे ज्यांचं क्रिप्टो होतं, त्यांना ते वर्षाहून जास्त काळ बाहेर काढता आलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातल्या मोठ्या एक्स्चेंजांपैकी एक दिवाळखोरीत गेलं, आणि तिथे चोर बाहेरून आला नव्हता, ग्राहकांचा पैसा मालकानेच वापरला होता. मार्च २०२४ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

रक्कम दहा-वीस हजार असेल, तर नोंदणीकृत एक्स्चेंजवर ठेवून दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागणारी) चालू करणं पुरे. पन्नास हजारांच्या पुढे गेली, की स्वतःचं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची किल्ली स्वतःकडे ठेवणारं छोटं यंत्र, घ्या, तेही थेट कंपनीकडून, वापरलेलं नाही. ते चालू करताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात. यंत्र हरवलं, मोडलं तरी ते शब्द त्याच क्रमाने घातले की सगळं परत मिळतं. शब्द गेले आणि यंत्रही गेलं, तर जगातलं कोणतंही कार्यालय मदत करू शकत नाही. त्यांचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचे नाहीत, ईमेलमध्ये ठेवायचे नाहीत. जो कोणी मदतीच्या नावाने ते शब्द विचारेल, तो चोर समजा.

सांगलीत राहणाऱ्याला आणखी एक विचार करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. गावभागात, मारुती चौकात तळमजल्यावरच्या कपाटातले कागद दोनदा लगदा झालेले आहेत. शब्दांचा कागद तिजोरीत ठेवला म्हणजे दहा वर्षं टिकेल, असं इथे धरता येत नाही. ते स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या. कोरायचं काम दुकानदाराला देऊ नका, अक्षरांचे ठसे आणि हातोडी घेऊन घरी स्वतः करा. दोन प्रती करा. एक घरात वरच्या मजल्यावर, दुसरी पूररेषेच्या बाहेर, विट्याला किंवा जतला सख्ख्या भावाकडे सीलबंद. नदीकाठच्या शाखेतलं तळमजल्यावरचं लॉकर यासाठी नको.

मग घरच्यांचं. तुम्ही नसाल तेव्हा बायकोला किंवा मुलाला हे मिळायला हवं, तर काय आहे, कुठे आहे आणि कसं काढायचं, हे मराठीत एका पानावर लिहून मृत्युपत्रासोबत ठेवा. त्या पानावर ते शब्द लिहू नका, ते कुठे आहेत एवढंच लिहा. वॉलेटमध्ये सुरुवातीला हजारभर रुपयांचंच बिटकॉइन ठेवून एकदा सराव करा. यंत्र पुसून टाका, घरच्यांच्या हातात ते पान आणि ती पट्टी द्या, आणि त्यांना सगळं परत आणून हजार रुपये बँकेत उतरवून दाखवायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोट लावू नका. त्यांना ते जमलं, तर पुढची रक्कम वॉलेटमध्ये हलवा. जमलं नाही, तर रक्कम एक्स्चेंजवरच राहू द्या, आणि तिथे वीस हजारांच्या पुढे जाऊ नका.